नवरीची कावीळ आणि साडेसहा हजारांचा कॅलिब्रेटर

“गो, आमच्या चेडवाक कावीळ झाली हा काय?”

अल्बमचं तिसरं शीट उघडून नवरीच्या वडलांनी मला एवढंच विचारलं. चिडून नाही, काळजीनं. हळदीचे फोटो होते, त्यामुळे पिवळं असणारच, असं सांगून मी वेळ मारून नेली. पण पुढच्या शीटवर रिसेप्शन होतं. तिथं हळद नव्हती, कावीळ मात्र होती. शिवाय सगळा अल्बम संध्याकाळी सातला काढल्यासारखा काळवंडलेला.

मी कुडाळात अल्बम डिझायनिंग करते. घरी आल्या आल्या अल्बम छापणाऱ्या लॅबला फोन लावला आणि तोंडसुख घेतलं. पलीकडचा मुलगा शांत होता. म्हणाला, “मॅडम, रंगात करेक्शन नको असं तुम्हीच लिहिलं होतं. फोटोशॉपमध्ये फाइल उघडा, गालावर कर्सर ठेवा आणि इन्फो पॅनेलमधले आकडे वाचा.” वाचले. शून्य ते २५५ च्या मापात लाल २०१, हिरवा १५६, निळा ७८. आपल्याकडच्या गव्हाळ गालाला साध्या उजेडात निळा शंभरच्या वरच असतो, एकशे वीसच्या आसपास असला तर चेहरा तजेलदार दिसतो. निळा कमी पडला की पिवळा चढतो; ७८ म्हणजे कावीळच. आणि ती लॅबनं नव्हे, मी केली होती. माझ्या लॅपटॉपवर तोच गाल गुलाबी दिसत होता.

कारण पुढे मोजल्यावर कळलं. लॅपटॉपचा पांढरा रंग ७४०० केल्विनवर होता, म्हणजे निळसर; हा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळा. हवा होता ६५००. स्क्रीन निळी दिसते म्हणून हात आपोआप फोटोत पिवळा ओततो. ब्राइटनेस फुल, २५० कँडेला (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). छपाईसाठी बसायचं तर शंभरच्या आसपास पुरतो. अडीच पट उजळ स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण एक्स्पोजर खाली ओढतो. फोटोग्राफरच्या भाषेत सव्वा स्टॉपचा घोळ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). अल्बम पदरमोड करून पुन्हा छापला. त्या पैशांत कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र आलं असतं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, “कुठला कॅलिब्रेटर घेऊ? स्वस्तातला सांग.” एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आधी मॉनिटर बघा

यंत्र स्क्रीन सुधारत नाही. ती आहे तशी किती चुकते ते मोजतं आणि चूक शक्य तेवढी भरून काढतं. जो रंग पॅनेलला दाखवताच येत नाही तो कुठलंही यंत्र आणून देणार नाही. स्वस्त लॅपटॉपच्या तपशिलात “४५ टक्के एनटीएससी” लिहिलेलं असतं. ते पॅनेल एसआरजीबीच्या, म्हणजे फोटो आणि लॅब ज्या ठरावीक रंगसंचात चालतात त्याच्या, जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतं.

याचा अर्थ मला सावंतवाडीच्या लाकडी फळांनी शिकवला. एका दुकानदारासाठी चितारआळीतल्या फळांचे फोटो केले होते. लाखेच्या चकचकीत रंगातलं लालभडक सफरचंद आणि शेंदरी छटेचा आंबा शेजारी शेजारी ठेवलेले. लॅपटॉपवर दोघांचा लाल एकच दिसायचा. सफरचंदाच्या कडेची गोलाई गायब, सपाट लाल ठिपका. मी बिचारी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा खालीवर करत बसले. तोच फोटो दुसऱ्याकडच्या बऱ्या मॉनिटरवर उघडला तर गोलाई जागच्या जागी होती.

म्हणून क्रम असा ठेवा: लॅपटॉप ४५ टक्केवाला असेल तर पहिले पैसे २४ इंची आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणाऱ्या) मॉनिटरवर घाला, ज्यावर ९९ किंवा १०० टक्के एसआरजीबी लिहिलंय असा. टीएन पॅनेल नको. मान जरा वर केली की त्यावर रंग बदलतो. तोवर फुकटातला उपाय म्हणजे ब्राइटनेस कमी करणं. एक कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा. ज्या उजेडात तुम्ही प्रिंट बघता त्या उजेडात स्क्रीनवरचं कोरं पान आणि हा कागद सारखेच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. काळवंडलेल्या प्रिंटची निम्मी तक्रार एवढ्यावर मिटते.

रंगाची मिटत नाही. विंडोजमध्ये डोळ्यांनी बघून रंग जुळवायची सोय आहे, पण डोळा भलताच जुळवून घेणारा. दहा मिनिटं निळसर पांढऱ्याकडे बघा, तोच पांढरा वाटायला लागतो. पांढऱ्याचा निवाडा डोळ्यावर सोपवू नये, त्यासाठीच यंत्र लागतं.

कुठला घ्यायचा

बाजारात दोन जातीची यंत्रं आहेत. एक कलरिमीटर: आत रंगीत फिल्टर आणि सेन्सर, स्क्रीन मोजण्यापुरतं. दुसरं स्पेक्ट्रोफोटोमीटर: प्रकाशाचा पट्टा उलगडून मोजतं, प्रिंटरचंही प्रोफाइल (त्याचे रंग कसे येतात त्याची नोंद असलेली फाइल) करतं आणि किंमत कित्येक पट. घरात स्वतःचा फोटो प्रिंटर नसेल तर दुसऱ्याकडे बघूही नका. उलट गडद छटा मोजताना बऱ्याच स्पेक्ट्रोंपेक्षा साधा कलरिमीटर बरा चालतो.

कलरिमीटरमध्ये मुख्य घराणी दोन. डेटाकलरचे स्पायडर, आणि पूर्वी एक्स-राइटच्या नावानं येणारे, आता कॅलिब्राइटच्या नावानं मिळणारे. एक्स-राइटनं २०२१ मध्ये फोटोग्राफीवाली यंत्रं कॅलिब्राइटकडे सोपवली, त्यामुळे जुन्या खोक्यावर एक नाव आणि नव्यावर दुसरं दिसलं तर नकली समजून घाबरू नका.

आता पैसे वाचवायची खरी गोष्ट. या यंत्रांत “प्रो”, “एलिट” अशा पायऱ्या असतात आणि वरच्या पायरीचे पैसे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचे असतात. स्पायडरएक्स प्रो आणि स्पायडरएक्स एलिट २०१९ मध्ये आले तेव्हा अमेरिकेत एक १७० डॉलरला होता, दुसरा २७० ला. आतला सेन्सर एकच! जास्तीच्या शंभर डॉलरला सॉफ्टवेअरमधली कुलपं उघडून मिळतात. एक्स-राइटच्या कलरमंकी डिस्प्ले आणि आय-वन डिस्प्ले प्रो यांचंही जवळपास तसंच. शरीर एकच, स्वस्तातलं मुद्दाम मंद केलेलं. तुम्ही महिन्यातून एकदा मोजणार असाल तर मंद यंत्रामुळे एक चहा जास्त होतो, बाकी बिघडत नाही.

आणि कुलपांची किल्ली फुकट मिळते. ग्रेम गिल यांचं अर्गिलसीएमएस आणि त्यावर चालणारं डिस्प्लेकॅल, ही यंत्र चालवणारी दोन फुकट सॉफ्टवेअर. मूळ डिस्प्लेकॅल फ्लोरियन होख यांनी लिहिलं, त्याच्या नव्या आवृत्त्या २०१९ नंतर थांबल्या. आता इतरांनी पायथन ३ वर आणलेली आवृत्ती चालू आहे, तीच घ्या. पांढऱ्याचं तापमान (तेच केल्विन), गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते), उजेड, स्क्रीनच्या कोपऱ्यांतला फरक, सगळं त्यात हवं तसं ठरवता येतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: घराणं कुठलंही घ्या, त्यातला सर्वांत खालच्या पायरीचा घ्या, पण विकत घेण्याआधी तो अर्गिलला चालणाऱ्या यंत्रांच्या यादीत आहे ना ते बघा. नवं मॉडेल बाजारात आलं म्हणजे लगेच यादीत येतंच असं नाही.

पेटीवर हजारो निट्सचे (निट्स म्हणजे तेच कँडेलाचं माप) आकडे छापलेले असतात. ते एचडीआर, म्हणजे फार उजळ स्क्रीनवरच्या व्हिडिओवाल्यांसाठी. शंभर कँडेलावर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा उपयोग नाही.

दोन घराण्यांत निवड करायचीच झाली तर मी आय-वन डिस्प्ले प्रोच्या कुळाकडे झुकते. त्या प्रत्येक यंत्रात त्याच्या स्वतःच्या सेन्सरची मोजणी साठवलेली असते, त्यामुळे उद्या वेगळ्या बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) मॉनिटर आला तरी त्याची करेक्शन फाइल टाकून काम भागतं. शिवाय विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. स्पायडरला अर्गिलचा ड्रायव्हर घालावा लागतो आणि तो घातला की कंपनीचं सॉफ्टवेअर यंत्र ओळखेनासं होतं. पण स्पायडरएक्स चांगल्या भावात समोर आला तर तोही घेईन, नाक मुरडणार नाही.

जुना घेताना

नवं यंत्र झेपत नव्हतं, मी वापरलेलंच शोधलं. इथं एकदा फसले. पहिलं यंत्र दीड हजाराला मिळालं म्हणून खुशीत होते. लावलं, सगळं नीट चाललं, आणि शेवटी स्क्रीन गुलाबी झाली. पुन्हा केलं, पुन्हा गुलाबी. मॉनिटरच खराब आहे असं समजून दोन दिवस घालवले.

दोष फिल्टरचा होता. २०११ च्या आधीच्या पिढीतल्या अनेक कलरिमीटरांत रंगवलेले सेंद्रिय फिल्टर असायचे. उजेडानं आणि दमटपणानं ते विटतात. कपाटातल्या कोल्हापुरी चपलेला पावसाळ्यात बुरशी धरणाऱ्या कोकणात त्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. वाईट हे की असं यंत्र बंद पडत नाही, आत्मविश्वासानं खोटं बोलतं. यंत्र नसलेलं परवडलं. आय-वन डिस्प्ले प्रो २०११ मध्ये आला, त्याचे फिल्टर टिकाऊ आहेत; त्याचं आणि कलरमंकी डिस्प्लेचं वापरलेलं यंत्र मी निर्धास्त सुचवते. त्याआधीचं कुणी फुकट दिलं तरी परत करा.

घेताना तीन गोष्टी करा. भिंग टॉर्चनं बघा. आत धुरकट जाळी दिसली तर बुरशी आहे. विकणाऱ्याला लॅपटॉप घेऊन बोलवा आणि पांढरा रंग मोजायला लावा. मग मॉनिटरचा ब्राइटनेस निम्मा करून पुन्हा मोजा. कँडेला घसरले पाहिजेत, केल्विन मात्र फारसे हलता कामा नयेत. आणि जमलं तर कुणाच्या तरी भरवशाच्या यंत्राशी त्याच स्क्रीनवर ताडून बघा. शंभर-दोनशे केल्विनचा फरक चालतो. हजाराचा असेल तर नमस्कार करून उठा.

माझा कलरमंकी असाच पारखून साडेसहा हजारांना मिळाला. तेही मी एकटीनं भरले नाहीत. हे यंत्र महिन्यातून तासभर लागतं, उरलेले दिवस पडून असतं. म्हणून चौघांनी वर्गणी काढली: मी, कणकवलीचा एक, सावंतवाडीची एक आणि म्हापशाचा एक. प्रत्येकी सोळाशे पंचवीस. यंत्र एसटीनं फिरतं. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या चार पुड्या, वर भिंगाचं टोपण. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या, ते काम माझ्याकडे. कंपनीचं सॉफ्टवेअर असं चौघांत वापरता येतं का, ते त्याच्या परवान्यात वाचावं लागतं. अर्गिल मुक्त सॉफ्टवेअर असल्यानं त्याला ती भानगड नाही.

मोजायचा तास

मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवा. थंड पॅनेलचा रंग आणि उजेड सरकत असतो. मध्येच लाइट गेली तर पुन्हा अर्धा तास. आमच्याकडे जूनमध्ये हे काम सकाळी लवकर उरकावं लागतं. नाइट लाइट बंद, एचडीआर बंद, मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, खोलीतल्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारी सोय बंद. स्क्रीन सुक्या मऊ कापडानं पुसा. खिडकीचा पडदा ओढा आणि स्क्रीनवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर ती विझवा.

मॉनिटर जरा मागे कलवा आणि यंत्र मधोमध टेकवा. वायरीवर एक वजन सरकतं, ते मॉनिटरच्या मागे सोडायचं म्हणजे यंत्र लटकत नाही. यंत्राच्या कडेनं फट राहता कामा नये, बाहेरचा उजेड आत शिरला की गडद छटा सगळ्या चुकतात. दाबू नका, नुसतं टेकू द्या.

डिस्प्लेकॅलमध्ये लक्ष्य लिहा: पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० कँडेला. खोली अंधारी असेल तर ८०, भरपूर उजेडाची असेल तर १२०. करेक्शनच्या खान्यात मॉनिटरची बॅकलाइट निवडायची. साध्या एसआरजीबी मॉनिटरला व्हाइट एलईडी. वाइड गॅमट, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा असेल तर त्याच्या तंत्राची वेगळी नोंद शोधा, नाहीतर पांढऱ्यातच चूक राहते.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच घाईनं उरकतात. सॉफ्टवेअर लाल, हिरवा, निळा अशा तीन पट्ट्या दाखवतं. मॉनिटरच्या बटणांनी यूजर किंवा कस्टम रंग निवडा आणि ज्या रंगाची पट्टी जास्त पुढे गेली आहे तो कमी करा. मागे पडलेला वाढवायच्या फंदात पडू नका, शंभरच्या वर नेला की उजळ भाग फाटतात. माझ्या मॉनिटरवर निळा ९१, हिरवा ९६ आणि लाल १०० वर ठेवला तेव्हा तिन्ही पट्ट्या एका रेषेत आल्या. मग ब्राइटनेस, तो ३२ वर आला. कॉन्ट्रास्टला हात लावला नाही. जितकं काम बटणांनी होईल तितकं ग्राफिक्स कार्डावर कमी पडतं आणि आकाशाच्या निळ्यात पट्टे कमी उमटतात. लॅपटॉपला ही बटणं नसतात, तिथं फक्त ब्राइटनेस जुळवा आणि बाकी सॉफ्टवेअरवर सोडा.

त्यानंतर तुम्ही उठायला मोकळ्या. स्क्रीनवर रंगांचे चौकोन एकामागून एक येत राहतात, माझ्या मंद यंत्राला पाऊण तास लागतो. माउस हलवू नका, व्हॉट्सअॅपची खिडकी मध्ये उघडली तर मोजणी बिघडते. शेवटी प्रोफाइल बसवू का असं विचारतं, हो म्हणा. पहिल्यांदा सगळं जरा पिवळट, मंद वाटेल. डोळ्याला निळ्याची सवय झालेली असते. दोन दिवस द्या.

नंतरच्या चुका

म्हापशाच्या भिडूनं पहिल्याच आठवड्यात फोन केला, “यंत्र चुकीचं आहे, लॅबमधून रंग विचित्र येतात.” त्यानं फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्ये वर्किंग स्पेस (फोटोवर ज्या रंगसंचात काम करायचं तो) म्हणून मॉनिटरचं नवं प्रोफाइल निवडलं होतं. हे कधीही करू नका. मॉनिटरचं प्रोफाइल विंडोजकडे असतं, फोटोशॉप ते तिथून स्वतः उचलतं. वर्किंग स्पेस एसआरजीबीच राहू द्या, आणि फाइल लॅबला पाठवताना एसआरजीबी करून, प्रोफाइल आत जोडून पाठवा. लॅब आपल्या मशीनचं प्रोफाइल देत असेल तर मागून घ्या. फोटोशॉपच्या प्रूफ कलर्समध्ये ते लावलं की कागदावर काय मावणार नाही ते आधीच कळतं. हळदीच्या झगझगीत पिवळ्यासाठी ते फार कामाचं आहे.

दुसरी चूक, दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू ठेवणं. कंपनीचं एक आणि डिस्प्लेकॅलचं एक, दोघंही संगणक सुरू होताच आपापलं प्रोफाइल चढवायला धावतात. एकच ठेवा. ग्राफिक्स ड्रायव्हरमधला रंग वाढवणारा पर्यायही मूळ जागी न्या.

आणि पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाइलचं काही करता येत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो त्यांच्या फोनवर भडक दिसणारच. मी आता रंगाची मंजुरी फोनवर घेत नाही, एक शीट छापून दाखवते.

पुन्हा कधी मोजायचं? कंपनीचं सॉफ्टवेअर महिन्यानं आठवण करतं. एलईडी मॉनिटर इतका लवकर सरकत नाही. मी दोन महिन्यांनी करते, लग्नसराई सुरू व्हायच्या आधी मात्र न चुकता.

पहिल्या मोजणीनंतर मी त्याच नवरीचा एक फोटो पुन्हा केला. गालावर निळा ११८. आठ बाय बाराची प्रिंट, करेक्शन नको असं ठळक लिहून लॅबला पाठवली. आली ती सकाळी दहाला खिडकीशी, थेट ऊन न पडेल अशा जागी धरली आणि स्क्रीनशी ताडली. साडीचा हिरवा किंचित मंद होता, चेहरा जुळला. ती प्रिंट मॉनिटरच्या उजवीकडे टाचून ठेवली आहे. सकाळी काम सुरू करताना तीच फाइल उघडते आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघते. गेल्या वर्षी तिची लाली उतरल्यासारखी वाटली, तर विटली होती प्रिंटच. खिडकी फार जवळ होती. नवी छापून घेतली आणि आता ती कपाटाच्या दाराला आतून लावली आहे.